बोट धरून पाहिलेले जग

बाजाराला निघालेल्या आईचा पदर धरून तीन-चार वर्षांचे मूल ‘मी पण येतो’ म्हणून हट्ट धरते, तेव्हा घरात बहुधा एकच उत्तर तयार असते : ‘तू लहान आहेस, तुला तिथे काय कळणार?’ मूल रडते, थोड्या वेळाने गप्प होते आणि आई एकटीच बाजार करून परत येते. या प्रसंगात कोणाचीही चूक नसते. डोक्यावर ओझे, हातात पिशवी, रस्त्यावर वाहनांची गर्दी. त्यात लेकरू सांभाळणे सोपे नसते. तरीही ‘तुला काय कळणार’ हे वाक्य मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. आईवडिलांचे बोट धरून प्रथमच घराबाहेर पडलेल्या मुलाला नेमके काय कळते, कसे कळते आणि ते पुढे किती दूरवर पुरते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आमच्यासारख्या निवासी शाळेत हा प्रश्न केवळ विचारापुरता राहत नाही. येथे येणारे प्रत्येक मूल कोणाचे तरी बोट धरूनच फाटकापर्यंत आलेले असते. त्या दिवशी ते कसे आले, वाटेत त्याच्याशी कोण काय बोलले, यावर त्याचे पुढचे कित्येक दिवस अवलंबून असतात.

दोन बालपणे, दोन प्रवास

पालि वाङ्‌मयात एका लहान मुलाच्या बाहेर जाण्याची नोंद आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तथागत आपल्या बालपणाची आठवण सांगतात. पिता शुद्धोदन शेतावर कामात असताना लहानगा सिद्धार्थ जांभळाच्या झाडाच्या शीतल सावलीत बसला होता आणि तेथेच त्याचे चित्त प्रथम एकाग्र झाले. निदानकथेत हाच प्रसंग वप्पमंगल, म्हणजे नांगरणीच्या उत्सवाच्या दिवशी घडल्याचे वर्णन आहे. पुढे वर्षानुवर्षे देहदंड सोसून शरीर अस्थिपंजर झाले तेव्हा, ‘मग बोधीचा मार्ग कोणता?’ या प्रश्नापाशी त्यांना आठवण झाली ती या सावलीची. शरीराला क्लेश देऊन नव्हे, तर त्या बालपणीच्या शांत, प्रसन्न एकाग्रतेच्या वाटेनेच पुढे जाता येईल, हे त्यांच्या ध्यानी आले. पित्याबरोबर शेतावर गेलेल्या मुलाने पाहिलेली एक सावली, इतकाच तो अनुभव. परंतु आयुष्याच्या सर्वांत कठीण वळणावर तोच उपयोगी पडला.

दुसरा प्रवास आपणा सर्वांच्या काळजात घर करून राहिलेला आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. वडील रामजी सुभेदार गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते आणि मुलांना सुट्टीत त्यांच्याकडे जावयाचे होते. मुलांनी नवे कपडे घातले होते. आगगाडीचा प्रवास म्हणून मन उल्हसित होते. मुले येत असल्याचे पत्र वडिलांना वेळेवर मिळाले नाही, त्यामुळे न्यायला कोणीच आले नाही. प्रथम आपुलकीने चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरांचा चेहरा मुलांची जात कळताच पालटला. गाडीवान भाडे घ्यावयास तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. शिदोरी सोबत होती, परंतु प्यावयास पाणी कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर लिहिला. अस्पृश्यता म्हणजे काय हे त्यांना त्यापूर्वीही ठाऊक होते; परंतु या प्रवासाने त्यांना जो धक्का दिला तसा आधी कधी बसला नव्हता.

हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. बाहेरचे जग मुलाला केवळ झाडे, गाड्या आणि दुकाने दाखवत नाही. ‘या जगात तुझी जागा कोणती’ हेही ते सांगत असते, आणि लहान मूल ते अत्यंत काळजीपूर्वक ऐकत असते.

मूल प्रथम चेहरा वाचते

अक्षरे वाचण्याच्या कितीतरी आधी मूल माणसांचे चेहरे वाचू लागते. या संदर्भात जेम्स सॉर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्‌बोधक आहे. एका मेजावर जाड, भक्कम काच बसविली होती. निम्म्या भागात काचेखाली खोलगट जागा दिसत असे. एक वर्षाच्या मुलाला एका बाजूला ठेवले जाई आणि पलीकडे आई उभी राही. खड्ड्याच्या काठाशी येताच मूल थांबे आणि वर आईच्या चेहऱ्याकडे पाही. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुले काच ओलांडून पलीकडे गेली. आईने भयभीत चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही मूल पुढे सरकले नाही. काच तीच, खड्डा तोच. फरक होता तो केवळ आईच्या मुद्रेचा.

बाजारात, बसस्थानकावर, दवाखान्यात मूल हेच करीत असते. एसटीचा भोंगा वाजला की ते आधी वडिलांकडे पाहते. सुई पाहिली की आईकडे पाहते. कचेरीच्या खिडकीशी बाप ताठ उभा राहून आपले काम नीट सांगतो की नजर खाली घालून हात जोडतो, हेही ते पाहते. आपण तोंडाने ‘घाबरू नको’ म्हणत असू आणि आपलाच हात थरथरत असेल, तर मूल त्या हातावर विश्वास ठेवते. म्हणून मुलाला बाहेर नेताना पहिली तयारी आपल्या स्वतःच्या मनाची करावयाची असते.

दुसरी गोष्ट भाषेची. घरात मुलाला मिळणारे शब्द ठरावीक असतात : जेव, झोप, ये, जा, आण. बाजारात पाऊल टाकले की शब्दांचे एकदम पीक येते. वांगे, गवार, शेपू, जवस, करडई. मापटे, तराजू, छटाक, नग. गुळाची ढेप, शेवेची कढई, कल्हईवाला, भंगारवाला. मूल ज्या वस्तूकडे पाहत आहे त्याच वस्तूचे नाव त्याच क्षणी उच्चारले गेले, तर ते नाव त्याच्या मनात लवकर रुजते. म्हणून मुलाचे डोळे ज्याकडे लागले आहेत ते आपणही पाहावे आणि त्याविषयीच बोलावे. आपण भाव करण्यात गुंतलो असू तरी, ‘ते बघ, काका कांदे तोलताहेत, इकडचे पारडे खाली गेले’ एवढे एक वाक्य बोलण्यास वेळ लागत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, मूल एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्या माणसाच्या सोबतीने करू शकते, आणि आज सोबतीने केलेले उद्या एकट्याने करते. बोट धरणे म्हणजे नेमके हेच होय.

तिसरी गोष्ट स्मरणाची. तीन-चार वर्षांपूर्वीचे बहुतेक अनुभव आपणास मोठेपणी आठवत नाहीत. परंतु ज्या घरात ‘आज आपण कोठे गेलो होतो, काय पाहिले, मग काय झाले’ असे बोलणे होते, त्या घरातील मुले आपले अनुभव अधिक चांगले लक्षात ठेवतात आणि क्रमाने सांगू शकतात. संध्याकाळी आजीला बाजाराची हकिकत सांगणारे मूल म्हणजे निबंध लिहिण्यापूर्वीच निबंध रचणारे मूल होय.

वडवणीचे बसस्थानक हीच पहिली शाळा

शिक्षणासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नसते. बीड-परळी रस्त्यावरील आपल्या वडवणीचेच उदाहरण घेऊ. बसस्थानकावर उभे राहिले की एका दिशेस बीड, दुसऱ्या दिशेस तेलगाव, सिरसाळा, परळी. मुलाला दिशा आणि अंतर यांची कल्पना प्रथम येथेच येते. एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही आणि पाच ते बारा या वयात अर्धे तिकीट, हा नियम मुलाच्या वयाशी जोडलेला असल्याने त्याला तो फार महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२३ पासून महिलांनाही एसटीत निम्मे भाडे लागते. ‘मला अर्धे, आईला अर्धे, मग दोघांचे मिळून किती?’ हे गणित पुस्तकातील गणितापेक्षा लवकर सुटते, कारण पैसे खरे असतात आणि कंडक्टर समोर उभा असतो. तिकिटाचे पैसे मुलाच्या हाताने द्यावेत, सुटे त्याच्या हातात घ्यावेत. चुकले तर हसू नये. पुन्हा मोजावयास सांगावे.

आपल्या जिल्ह्यातील कित्येक पिढ्यांनी आगगाडी पाहिली ती परळीला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरात प्रवासी रेल्वे पोहोचली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा पुढील टप्पा वडवणी परिसरातूनच जावयाचा आहे. ज्या आजोबांनी आयुष्यभर ‘रेल्वे येणार’ एवढेच ऐकले, त्यांनी नातवाचे बोट धरून बीडच्या स्थानकावर जावे. तेथे दोघांचाही तो पहिलाच अनुभव असेल. आणि मोठ्या माणसालाही काही गोष्टी प्रथमच पाहावयाच्या असतात, हे मुलाला कळणे हेही एक शिक्षणच आहे. बीडमधील खजाना विहीर, अंबाजोगाईतील मुकुंदराज आणि दासोपंत यांची स्थाने, माजलगावचे धरण ही सारी एका दिवसाच्या वाटेवर आहेत.

आपल्या समाजातील अनेक मुलांचा पहिला लांबचा प्रवास बापाच्या खांद्यावरून होतो, तो नागपूरच्या दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीला. शुभ्र वस्त्रांतील अथांग जनसमुदाय, रांगेतील शिस्त आणि पुस्तकांची ओळीने मांडलेली दुकाने मुलाच्या मनावर कायमची उमटतात. तेथे खेळणे घेतले तर घ्यावे, परंतु एक पुस्तक मुलाने स्वतः निवडून स्वतःच्या हाताने विकत घ्यावे. पुस्तक विकत घेण्याची वस्तू आहे, हे त्याला त्या दिवशी कळते. अशा गर्दीत मुलाच्या खिशात नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अवश्य ठेवावी. ‘चुकलास तर पळू नकोस, आहेस तेथेच थांब आणि गणवेशातील पोलिसाला किंवा स्वयंसेवकाला सांग’ हे निघण्यापूर्वीच दोन-तीनदा त्याच्याकडून म्हणवून घ्यावे.

उसाच्या फडाकडे जाणारा रस्ता

परंतु वडवणी तालुक्यात बसून हा लेख येथेच संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या परिसरातील असंख्य मुलांचा पहिला प्रवास बाजाराचा किंवा सहलीचा नसतोच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचा डबा, अंथरूण, शेळी आणि त्यांवर बसविलेले लेकरू. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटेच्या अंधारात दोघेही फडात उतरतात, तेव्हा लेकरू कोपीत झोपलेले असते किंवा बांधावर मोठ्या बहिणीच्या ताब्यात असते. आणि ती ‘मोठी’ बहीण अनेकदा सात-आठ वर्षांचीच असते.

या मुलाला काही कळत नाही असे कोणी म्हणू नये. त्याला उसाच्या जाती कळतात, मोळी बांधता येते, वाढ्याची पेंढी केवढ्याला जाते ते ठाऊक असते. आईबापाचे कष्ट त्याने पुस्तकात वाचलेले नसतात, डोळ्यांनी पाहिलेले असतात. हे ज्ञान खरे आहे आणि त्याचा आदर झाला पाहिजे. परंतु त्याची किंमत फार मोठी पडते. उघड्या विहिरी, पाटाचे पाणी, पाचटातील साप, रात्री-अपरात्री मागे येणारे ट्रॅक्टर यांच्या सान्निध्यात ते वाढते. ऐन शाळेच्या दिवसांत पाच-सहा महिने वर्ग सुटतो. परत आल्यावर पाठ पुढे गेलेला असतो आणि मूल मागे राहिलेले असते. असे दोन-तीन हंगाम गेले की ते पुन्हा वर्गात येतच नाही. बारा-तेराव्या वर्षी त्याच्या हातात कोयता आलेला असतो.

यावर उपाय शोधणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. मुले गुरे राखावयास रानात जातात, तर शाळा रानात न्यावी, या विचारातून कुरणशाळा आली. कारखान्यांच्या परिसरातील साखरशाळा त्याच विचाराच्या वाटेवरच्या. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा तर आहेच. आणि आपल्यासारख्या निवासी शाळांचे दार आहे. पालकांनी हंगामाला निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटावे, मुलाची सोय येथेच होते का ते पाहावे. नेणे अगदीच अपरिहार्य असेल तर तेथील जवळच्या शाळेत व अंगणवाडीत मुलाचे नाव पहिल्याच आठवड्यात सांगावे आणि पाटी-पुस्तक सामानात सर्वांत वर ठेवावे.

आधी, चालू असताना आणि नंतर

मुलाला बाहेर नेताना नेमके काय करावे? याचे सूत्र अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात सापडते. लहानग्या राहुलाला उपदेश करताना तथागतांनी मोठे प्रवचन दिले नाही. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखविले, ते टाकले, भांडे पालथे केले आणि त्यावरून सत्य बोलण्याचे महत्त्व सांगितले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे. हाताशी असलेल्या वस्तूवरून, प्रश्न विचारून आणि मुलाचाच विचार जागा करून शिकविण्याचा हा उत्तम नमुना आहे.

घराबाहेर पडण्यासही हीच तीन पावले लागू पडतात. निघण्यापूर्वी कोठे जावयाचे, किती वेळ लागणार, तेथे काय दिसणार हे मुलाला सांगावे. दवाखान्यात नेताना ‘फिरायला चाललो’ असे सांगू नये. सुई दुखते, पण थोडाच वेळ, हे खरे सांगावे. एकदा फसलेले मूल पुढच्या वेळी खऱ्या सहलीलाही घाबरते. बाहेर असताना मुलाच्या चालीने चालावे, त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यावे आणि उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण विचारू’ असे मोकळेपणाने म्हणावे. परत आल्यावर त्याच्याकडून हकिकत ऐकावी.

आणखी एक कर्तव्य आहे, ते आपल्या समाजाने विसरू नये. मसूरच्या स्थानकावर त्या मुलांजवळ वडील नव्हते. आज आपण आपल्या मुलाजवळ असतो. कोणी तुच्छतेने बोलले तर शांतपणे, स्पष्ट शब्दांत आणि कायद्याच्या आधाराने उत्तर देणारा बाप मुलाने पाहावा. अंगठा न उठविता सही करणारी आई पाहावी. त्याचप्रमाणे भाजीवाल्या मावशीशी, सफाई करणाऱ्या दादाशी आपले आईवडील आदराने बोलतात, हेही त्याने पाहावे. समतेचा पहिला पाठ असाच दिला जातो. सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळविणे आणि विद्या-कला शिकविणे यांचा समावेश आहे. ही तिन्ही कामे घराबाहेरच्या एका फेरीतही साधतात.

फाटकापाशी

अखेरीस आपल्या शाळेच्या फाटकाकडे येऊ. येथे येणाऱ्या अनेक माजी विद्यार्थ्यांना पत्र्याची पेटी आठवते, वडिलांच्या धोतराचा किंवा आईच्या लुगड्याचा वास आठवतो आणि फाटकाबाहेर लहान होत गेलेली पाठ आठवते. पालकांना आमची एकच विनंती आहे. मूल खेळात रमले असे पाहून गुपचूप निघून जाऊ नका. तसे केल्याने तेवढा वेळ रडणे टळते, परंतु मूल नंतर कितीतरी दिवस प्रत्येक दाराकडे पाहत राहते. कारण न सांगता जाणारे माणूस कधीही जाऊ शकते, हे त्याने शिकलेले असते. त्याच्याजवळ बसा, त्याला शाळा फिरवून दाखवा, झोपण्याची जागा, जेवणाची पंगत, पाण्याची टाकी दाखवा, गुरुजींच्या हातात त्याचा हात द्या. ‘मी अमुक दिवशी येईन’ असे सांगा आणि त्या दिवशी या. येणे शक्य नसेल तर फोन करा. ते रडेल. रडू द्या. आपल्यासमोर रडलेले मूल लवकर सावरते.

जे माजी विद्यार्थी आज स्वतः आईबाप झाले आहेत, त्यांनी या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत येताना आपल्या मुलांना सोबत आणावे. ज्या वर्गात आपण बसलो, ज्या झाडाखाली पाढे म्हटले, ज्या फाटकापाशी रडलो ती जागा त्यांना दाखवावी. ‘तुला काय कळणार’ असे म्हणू नये. त्यांना कळते.